पायाखालचं स्टूल

स्टूल आलं तेव्हाच तिने उठायला हवं होतं. नियम तिनेच लिहिलेला होता, तोही क्रमांक घालून: हॉलमध्ये शिरायचं, दारावरच्या माणसासमोरून सावकाश चालत जायचं, तोंड लपवायचं नाही, जुगाराच्या एका मशीनपुढे दहा मिनिटं बसायचं, कुणी अडवलं तर हुज्जत न घालता बाहेर पडायचं, आणि नाहीच अडवलं तर दहा मिनिटांनी आपलं आपण उठून रस्त्यापलीकडे जाऊन तक्ता भरायचा. आठ हॉल असे सुरळीत पार पडले होते. नवव्यात ती अकरा वाजून दहा मिनिटांनी शिरली. दारावरचा माणूस नखं कापत होता. त्याने मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा नखांत घातली. ती आतल्या रांगेतल्या उंच खुर्चीवर बसली. बसली कसली, चढली; कारण तिची उंची बेताची, आणि जगातल्या झाडून सगळ्या खुर्च्या तिच्यापेक्षा वीतभर उंच माणसांनी केलेल्या. पाय नेहमीसारखे लोंबकळायला लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी वाकलं, आणि पिवळ्या रंगाचं, एका कोपऱ्याचा टवका उडालेलं बुटकं लाकडी स्टूल बरोब्बर तिच्या तळव्यांखाली येऊन टेकलं. "बऱ्याच दिवसांनी, ताई," हॉलमधली बाई म्हणाली. "मध्ये बरं नव्हतं का?"

बाईच्या आवाजात काळजी होती आणि ती खोटी नव्हती, हीच तर पंचाईत. सहा वर्षांत बाईच्या कपाळावरचे केस पांढरे झाले होते, पण वाकायची पद्धत तीच, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हाताने स्टूल. तिला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. "हो, जरा बरं नव्हतं," असं ती म्हणून गेली, आणि मग लक्षात आलं की आपण खरं तेच बोललो. तळवे लाकडावर टेकले होते. पोटऱ्यांतला ताण सैल होत वर मांड्यांपर्यंत गेला, पाठ खुर्चीला लागली, समोरच्या काचेत रंगीत चित्रं फिरायला लागली आणि तो जुना किणकिणाट कानांच्या आत कुठेतरी येऊन बसला. माहेरी गेल्यासारखं वाटलं. हे असं वाटल्याची तिला इतकी लाज वाटली की त्या लाजेतून बाहेर पडण्यासाठी तिने पुन्हा बटण दाबलं. दहा मिनिटं कधी संपली ते तिला कळलं नाही. खरं म्हणजे कळलं. समोर भिंतीवर घड्याळ नव्हतं, अशा हॉलांत ते नसतंच, पण मनगटावर होतं आणि तिने ते बघितलं होतं. अकरा वीस झाले, अकरा तीस झाले. पाऊण तास उलटून गेल्यावर बाईने विचारलं, "चहा आणू? बिनसाखरेचाच ना?" तेव्हा कुठे ती खुर्चीवरून उतरली. उतरताना पाय त्या स्टुलावर ठेवूनच उतरली.

रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसून तिने तक्ता काढला. भेट क्रमांक नऊ. प्रवेश: ११:१०. थांबवलं का: नाही. बाहेर पडण्याची वेळ. इथे पेन अडलं. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. ऑफिसात तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. उंचीवरून पडलेलं नाव, पण टिकलं ते तिच्या स्वभावामुळे. पाहणीला गेलेल्या पोरांनी "सुमारे चार" असं लिहून आणलं की ती कागद परत करायची आणि म्हणायची, सुमारे हे काही वेळेचं नाव नाही. अशा त्या फूटपट्टीने दुपारच्या उन्हात, भरदिवसा, स्वच्छ अक्षरात लिहिलं: ११:२०.

काम असं होतं. त्या शहरात कायदा होता की ज्याला जुगाराच्या मशीनांचा नाद सुटत नाही त्याने अर्ज करावा, फोटो द्यावा, आणि स्वतःच सांगावं की मला आत घेऊ नका. असा अर्ज आला की शहरातल्या चौदाही हॉलांनी तो फोटो गल्ल्याजवळच्या खणात ठेवायचा आणि तो माणूस आला की अडवायचं. अडवतात का, हे बघायचं काम तिच्या संस्थेकडे आलं होतं. त्यासाठी संस्थेतल्या पाच जणांनी अर्ज केले, फोटो दिले, आणि चौदा हॉल पाच जणांत वाटून न घेता प्रत्येकाने सगळीकडे जायचं असं ठरलं. चार जणांचे अर्ज संशोधनासाठी केलेले, म्हणजे लुटुपुटीचे. पाचवा तिचा. तिने नवा अर्ज केलाच नव्हता. एकाच चेहऱ्याचे दोन कागद खणात पडले तर मोजणीत गोंधळ होतो, आणि मोजणीतला गोंधळ तिला सहन होत नाही; म्हणून संचालकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझा अर्ज दिलेला आहे, सर." ते शब्दशः खरं होतं. अर्ज सहा वर्षांपूर्वी दिलेला होता, आणि तो देताना नवरा शेजारच्या खुर्चीत तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

तीन वर्षं ती त्या पिवळ्या स्टुलावर पाय ठेवून बसली होती. किती घालवलेस, असं लोक पहिल्यांदा विचारतात. नवऱ्यानेही तेच विचारलं होतं, संस्थेच्या प्रश्नावलीतही तोच प्रश्न पहिला होता, आणि या कामाला लागल्यावर तिने भांडून तो शेवटी ढकलला. पैसे काय, नवरा-बायको राबली आणि भोकं बुजली. कायमच्या गेल्या त्या दुपारी. दुपार कुठल्या तक्त्यात घालायची? एका दुपारी, चार वाजता, शाळेच्या पायऱ्यांवरून पडून बारा वर्षांच्या लेकीची भुवई फुटली. शेजारच्या काकूंनी तिला उचलून डॉक्टरकडे नेलं, सहा टाके घातले, आणि पोरगी म्हणे एकदाही रडली नाही, फक्त "आईला फोन लावा" म्हणत राहिली. आई सहानंतर घरी आली. मीटिंग होती, फोन बंद ठेवावा लागला, असं तिने सांगितलं. ते सगळ्यांनी मानलं. नंतर वर्षभरात नवऱ्याच्या लक्षात आलं, तो ओरडला नाही, तिला घेऊन गेला, अर्ज करवला, आणि परत येताना जिन्यात थांबून म्हणाला, "हे आपल्या दोघांतच." इतका चांगला माणूस. त्या चांगुलपणाचं ओझं तिने सहा वर्षं वाहिलं, आणि त्या दिवशी औषधांच्या दुकानाच्या पायरीवर तिला पहिल्यांदा त्याचा राग आला. झाकण घट्ट बसवलेल्या डब्यात काय असतं ते आतल्याला विचारावं.

तरीही ती गप्प राहिली असती. माणूस गप्प राहण्यात पटाईत होतो, सवयीने जमतं ते. उरलेले पाच हॉल तिने नेमाने केले, दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, आणि रात्री शांत झोपलीसुद्धा. पण पुढच्या आठवड्यात संचालकांनी तिला खोलीत बोलावलं आणि अहवालाचं शेवटचं पान पुढे सरकवलं. संचालक तसे सज्जन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, खिडकीतल्या कुंड्यांना स्वतः पाणी घालणारे. पाच जणांच्या सत्तर भेटी झाल्या होत्या, आणि त्यांतल्या एकसष्ट भेटींत कुणी अडवलं नव्हतं. आकडा बोलका होता. पण त्याखाली एक नवं वाक्य आलेलं होतं: 'दररोज येणाऱ्या असंख्य चेहऱ्यांमुळे कर्मचाऱ्यांना अर्जदारांची ओळख पटणे व्यवहारतः कठीण आहे.'

"हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं.

"हॉलवाल्यांच्या संघाचं पत्र आलं होतं. त्यात तथ्य आहे. आपले पाचही जण तिथे अनोळखी. त्यांनी ओळखावं तरी कसं?"

"आणि हे वाक्य राहिलं तर?"

"तर शिफारस सौम्य होईल. फोटो मोठे छापा, दिवे वाढवा, असं काहीतरी." संचालकांनी चष्मा काढून पुसला. "एवढं मनाला लावून घेऊ नका. गुरुवारी त्यांचा माणूस बैठकीला येतोय. वाक्य त्याला दाखवू, सह्या होतील, सुटू एकदाचे."

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली आणि पाय हलवत राहिली. ओळख पटत नाही. तिला आत कुठेतरी हसू येत होतं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. सहा वर्षांनी तिला कोणती खुर्ची आवडते ते बाईच्या लक्षात होतं, चहात साखर नको हे लक्षात होतं, आणि तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत हे लक्षात होतं. हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नवरा चांगला, लेक गुणी, पण जेवायच्या टेबलाशी वीस वर्षं तिचे पाय लोंबकळत होते आणि कुणी एकदाही टेबलाखाली बघितलं नाही. जिथे तिचं वाटोळं होत होतं तिथे बघितलं. हे कुणाला सांगितलं तर ते म्हणतील, काहीतरीच काय, स्टुलासाठी कुणी जुगार खेळतं का? नाही खेळत. पण पाय टेकलेले असले की उठवत नाही, हे त्यांना कळावं कसं, ज्यांचे पाय सगळीकडेच टेकतात? तिने तक्त्याची कोरी प्रत काढली. 'थांबवलं का' या रकान्याच्या डावीकडे पट्टीने एक रेघ मारली आणि नव्या रकान्यावर लिहिलं: 'ओळखलं का'. लुटुपुटीच्या चौघांना तो भरता येणार नव्हता. सगळ्या संस्थेत तो भरू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते माणूस अकरा वीस लिहून मोकळं झालेलं होतं.

बुधवारी सकाळी, उद्याच्या बैठकीत सगळं सांगणार आहे, असं तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो दाढी करत होता. आरशातूनच त्याने तिच्याकडे बघितलं.

"काय गरज आहे?" तो म्हणाला. "झालं ते झालं. मी कधी एका शब्दाने बोललो?"

"नाही बोललास. तेच म्हणतेय मी."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल कदाचित."

"आणि पोरीला काय सांगणार आहेस?"

"तिला आधी सांगणार आहे. बैठकीतून तिच्या कानावर जायला नको."

त्याने ब्लेड धुतलं, पुन्हा धुतलं, नळ बंद केला. "तुला सोडवायला मी एवढं केलं," तो हळूच म्हणाला, आणि तिला एकदम त्याची कीव आली, कारण ते खरं होतं. पण कीव आली म्हणून ती मागे हटली नाही. "केलंस," ती म्हणाली. "आणि मी सुटले. आता सुटले एवढं मोठ्याने म्हणू दे की मला."

लेक चहाचा कप घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. एकोणीस वर्षांची, आईपेक्षा हातभर उंच, डाव्या भुवईत बोटभर जागा जिथे केस उगवतच नाहीत. आई उभ्याउभ्याच बोलली, कारण बसली असती तर बोलता आलं नसतं. "तुला टाके पडले ना शाळेत, त्या दिवशी मी मीटिंगला नव्हते. मशीनवर होते. जुगार खेळत होते. फक्त त्याच दिवशी नाही, तीन वर्षं."

लेकीने कप खाली ठेवला.

"बाबांना माहितीये?"

"हो."

"म्हणजे मलाच नाही."

"तुलाच नाही."

"मी निबंध लिहिला होता," लेक म्हणाली. "माझी आई. तिचं काम इतकं महत्त्वाचं असतं की मला लागलं तेव्हासुद्धा तिला येता आलं नाही, असं लिहिलं होतं. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. तू पण वाचलास. तू रडलीस तेव्हा, मला वाटलं अभिमानाने." तिचा आवाज चढला नाही, उलट सपाट झाला. "तो निबंध तू जपून ठेवलायस, आई."

माफ कर म्हणावं असं आईच्या ओठांवर आलं होतं, पण ते म्हटलं की लेकीला बदल्यात माफी द्यावी लागणार, आणि लेकीने काही द्यावं अशी तिची इच्छा नव्हती. लेकीने पिशवी घेतली आणि मैत्रिणीकडे जाते एवढंच सांगून ती गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत नेहमीच्याच खुर्च्या होत्या, गुबगुबीत आणि उंच. हॉलवाल्यांच्या संघाचा माणूस हसतमुख होता, तिच्यासाठी उठून उभा राहिला, स्वतःच्या हाताने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ही माणसं आदबशीर असतात, धंदाच आदबीवर चालतो. संचालकांनी वाक्य वाचून दाखवलं आणि त्याने मान डोलावली. "आमची माणसं दिवसाला पाचशे चेहरे बघतात, बाई," तो तिला म्हणाला. "कुणाकुणाला ध्यानात ठेवणार? शेवटी माणूसच आहे."

"सह्यांच्या आधी एक दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "भेट क्रमांक नऊ. बाहेर पडायची वेळ अकरा वीस नाही, बारा पाच."

"लिहिताना चुकलं असेल," संचालक म्हणाले.

"चुकलं नाही, सर. मी खोटं लिहिलं."

आता तिचा आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, पण तो कापला नाही; उलट बऱ्याच दिवसांनी तो तिला स्वतःचा वाटला. तिने सगळं सांगितलं. खरा अर्ज, त्याची तारीख, तीन वर्षं, खुर्ची कितवी, स्टुलाचा रंग, उडालेला टवका, बिनसाखरेचा चहा. दहा मिनिटांऐवजी पंचावन्न मिनिटं बसले, आणि मजा आली, हेही सांगितलं. कारण ते वगळलं असतं तर पुन्हा अकरा वीसच झालं असतं. "तुम्ही विचारता, पाचशे चेहऱ्यांतून एक कसा ध्यानात ठेवायचा. तुमच्या माणसांना माझा चेहराच काय, माझे पायसुद्धा ध्यानात होते. त्यांनी मला ओळखलं. ओळखलं म्हणूनच बसवलं."

संघाच्या माणसाचं हसू तसंच होतं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. "मग तर तुम्ही तटस्थ नाही," तो म्हणाला. "तुमच्या भेटी कशा धरायच्या?"

"नाहीच मी तटस्थ. तुमचं जुनं गिऱ्हाईक आहे. माझा फोटो तुमच्या खणात आहे, जाऊन बघा."

"कोण ती स्टूल देणारी बाई? नाव सांगा, आजच्या आज कारवाई करतो."

हे येणार हे तिला ठाऊक होतं, आणि तरी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "नाव नाही सांगणार. तिने तेच केलं जे तुम्ही तिला शिकवलंत. गिऱ्हाइकाला काय लागतं ते न विचारता आणून द्यायचं. स्टूल सरकवायला शिकवलंत, तसा खण उघडायलाही शिकवता आला असता. आणि तिला काढलंत तर पुढच्या फेरीत मी तेही तक्त्यात लिहीन, रकाना वाढवून."

संचालकांनी घसा साफ केला. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "असं करू," ते म्हणाले, "नववी भेट वगळू. म्हणजे तुमचं नाव कुठे येणार नाही. हे मी तुमच्यासाठी सांगतोय."

"माझ्यासाठी सगळ्यांनी खूप झाकाझाक केलीये, सर. आता पुरे झाली. भेट राहील, आणि ते वाक्य जाईल. आणि त्या यादीत खरे अर्ज केलेले शेकडो लोक आहेत, त्यांना पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुम्ही परत गेलात तेव्हा तुमचं स्वागत कसं झालं? माझ्या एकटीच्या स्टुलावर विश्वास ठेवू नका. त्यांना विचारा."

"तुमच्या नोकरीचा विचार मला करावा लागेल," संचालक म्हणाले.

"करा."

त्यांनी पान आपल्याकडे ओढलं. खिशातून पेन काढलं आणि त्या वाक्यावर एक रेघ ओढली, जरा वाकडीच. संघाचा माणूस उठला, आम्ही वकिलांशी बोलू म्हणाला, आणि जाताना तिच्या अर्धवट प्यालेल्या ग्लासाकडे बघून सवयीने त्याने तो भरला. संचालकही त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेले. दारात थांबून, तिच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "पाय ठेवायला काही मागवू का?"

"नको," ती म्हणाली. "लोंबकळू दे."

मोकळ्या खोलीत तिने नवा तक्ता भरला. ओळखलं का: हो. थांबवलं का: नाही. बाहेर पडण्याची वेळ: १२:०५. खाली पूर्ण नावाने सही केली. तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. लेकीचा निरोप होता, कालपासूनचा पहिला. 'त्या दिवशी तिथून किती वाजता उठलीस?' एवढंच. फूटपट्टीचीच लेक ती. सहाच्या सुमाराला, असं बोटं आपोआप लिहायला निघाली होती. तिने ती थांबवली. त्या दुपारी मशीनच्या कडेवर ठेवलेला फोन तिला दिसला: बंद नव्हता, उताणा होता, त्यावर काकूंचं नाव उजळत होतं, विझत होतं, पुन्हा उजळत होतं, आणि तळव्यांखाली लाकूड होतं. तिने लिहिलं, 'साडेपाच.' मग त्याखाली, जे कुणी विचारलं नव्हतं आणि नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं, ते लिहिलं: 'फोन बंद नव्हता. चार वाजल्यापासून येत होता. मी बघितला होता.' तिने ते पाठवलं, आणि उत्तराची वाट बघत त्या उंच खुर्चीवर तशीच बसून राहिली.